एक निळा शब्द आणि त्याचे फाटे

सोलापूरजवळच्या होटगी जंक्शनवरून एक लोहमार्ग वाडीकडे जातो, तर दुसरा विजयपूरकडे. या भागात मराठी आणि कन्नड शेजारी नांदतात. मराठीतील ‘निळा’ कन्नडमध्ये ‘नीली’ होतो. सोलापुरात कानी पडणाऱ्या तेलुगूत ‘नीलम्’. तिन्ही शब्दांचे नाते संस्कृत ‘नील’शी आहे. युरोपातही एका निळ्या शब्दाला असेच फाटे फुटले आहेत.

ग्रीक भाषेत ‘क्यानोस’ म्हणजे गडद निळा. त्यावरून त्वचा निळसर पडण्याला इंग्रजीत ‘सायनोसिस’, स्पॅनिशमध्ये ‘सियानोसिस’, तर इटालियनमध्ये ‘चानोझी’ म्हणतात. पोलिश डॉक्टर मात्र आपल्याच भाषेतील ‘निळसर’ या अर्थाच्या शब्दापासून बनलेला ‘शिनित्सा’ वापरतात. जर्मनमध्ये ग्रीक शब्दाबरोबर ‘ब्लाउझुख्त’, म्हणजे ‘निळा आजार’, हाही शब्द आहे. आपण नीलवर्णता म्हणू.

ही सारी नावे केवळ रंग सांगतात, कारण सांगत नाहीत. नीलवर्णता हा रोग नसून लक्षण आहे. मग रक्त निळे होते का? नाही. तांबड्या पेशींतील हीमोग्लोबिनला ऑक्सिजन मिळाला की रक्त लालभडक दिसते. तो कमी पडला की काळपट लाल. त्वचेतून पाहताना हा काळपटपणा निळसर भासतो.

केशवाहिन्यांतील दर 100 मिलिलिटर रक्तात सुमारे 5 ग्रॅम हीमोग्लोबिन ऑक्सिजनविना असले, म्हणजे साधारणपणे निळेपणा डोळ्यांना कळतो. निरोगी माणसाच्या तेवढ्या रक्तात एकूण हीमोग्लोबिन 12 ते 16 ग्रॅम असते. रक्तक्षयाच्या रोग्यात ते 7 ग्रॅमच असेल तर? ऑक्सिजन धोकादायक प्रमाणात घटूनही तो निळा दिसणार नाही. म्हणून निळेपणा नाही, एवढ्यावरून धोका नाही असे समजू नये. धाप आणि ग्लानी यांकडेही लक्ष हवे.

सावळ्या त्वचेवर हा रंग राखाडी दिसतो किंवा लपतो. अशा वेळी जीभ, हिरड्या आणि ओठांची आतील बाजू पाहावी. थंडीने बोटे निळसर झाली, पण जीभ गुलाबी असेल, तर ऊब मिळताच रंग बहुधा परत येतो. जीभही निळसर असेल, तर फुफ्फुसांत किंवा हृदयात गंभीर बिघाड असू शकतो. वेळ न दवडता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

करून पाहा : दिवसाच्या उजेडात आरशासमोर आपली जीभ, हिरड्या आणि नखे पाहा व त्यांचे रंग वहीत नोंदवा. घरच्या मंडळींचेही नोंदवा. निरोगी रंग ओळखीचा असला, की बदललेला रंग चटकन लक्षात येतो.