पुराची वर्दी

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या महापुरात हैदराबादेतील सुमारे १५,००० माणसे दगावली. अफझलगंजातील एका चिंचेवर चढलेले सुमारे दीडशे जीव तेवढे त्या झाडाने तारले. पुढे उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) हे जलाशय बांधले गेले. त्यांचे दरवाजे उघडावयाचे झाल्यास नदीकाठच्या वस्तीस इशारा देतात. परंतु भोंगा बहिऱ्यास ऐकू येत नाही, फलक अंधास दिसत नाही. आणि तेलुगू, उर्दू, मराठी बोलणाऱ्या या नगरीत एकाच भाषेतील सूचना सर्वांस कळत नाही. जो इशारा कळला नाही, तो दिला नाही असेच समजावे. विद्यार्थिमित्रहो, आपल्या गल्लीत वर्दी कोणापर्यंत पोहोचणार नाही, आणि त्याच्या दारी कोणी धावावयाचे, हे पावसाळ्यापूर्वीच ठरवून ठेवा.