पिल्लाला लस टोचल्यानंतर

बेळगावात टिळकवाडीच्या बाजूला 'व्हॅक्सिन डेपो' नावाचे झाडीने भरलेले एक मोठे आवार आहे. आज तेथे माणसे सकाळी फिरायला जातात, पण त्या जागेला हे नाव पडले ते देवीच्या लशीमुळे. वासरांच्या कातडीवर ती लस वाढवीत आणि पुढे ती माणसांच्या दंडावर टोचली जाई. ज्यांच्या दंडावर तो वाटोळा वण अजून आहे, त्यांना लशीनंतर येणारी कणकण, काखेत येणारी गाठ आणि दंडावरचा फोड यांचे भय कधी वाटले नाही. उलट, फोड आला म्हणजे 'लस धरली' असे घरातील वडीलधारी माणसे समाधानाने म्हणत.

कुत्र्याच्या पिल्लाच्या बाबतीत मात्र नेमके उलटे घडताना दिसते. दुपारी लस टोचून आणलेले पिल्लू संध्याकाळी मलूल होऊन कोपऱ्यात पडले, दुधाला तोंड लावीना, की घरातील मंडळी घाबरतात. 'उगाच टोचून आणले' असे कोणीतरी म्हणतो आणि पुढच्या डोसाची तारीख तशीच निघून जाते. ही तारीख चुकण्याचे परिणाम काय होतात, हे पाहण्याआधी त्या मलूलपणाचे कारण समजून घेणे आवश्यक आहे.

लशीत रोगाचे विषाणू एकतर दुर्बल केलेले असतात किंवा मारलेले असतात. डिस्टेंपर आणि पार्व्हो या रोगांच्या लशी सामान्यतः पहिल्या प्रकारच्या, तर रेबीजची, म्हणजे पिसाळ रोगाची लस दुसऱ्या प्रकारची. मेलेले विषाणू एकटे शरीराला फारसे जागे करीत नाहीत. म्हणून अशा लशीत बहुधा अॅल्युमिनियमच्या क्षारासारखे एखादे सहाय्यक द्रव्य मिसळलेले असते. सुई टोचलेल्या जागी पांढऱ्या पेशी गोळा होतात, परकी वस्तू गिळतात आणि काही रासायनिक संदेश रक्तात सोडतात. हे संदेश मेंदूतील तापमान सांभाळणाऱ्या केंद्राला पोहोचले की ताप चढतो, भूक मंदावते, झोप येते. म्हणजे पिल्लाला रोग झालेला नसतो. रोगाशी लढण्याची तालीम त्याच्या शरीरात चाललेली असते. ही तालीम बहुतेक पिल्लांत एक-दोन दिवसांत संपते. आणि ज्या पिल्लाला काहीच झाले नाही त्याची लस 'धरली नाही' असेही समजू नये. देवीच्या फोडाचा नियम येथे लागू पडत नाही.

एकच लस पुन्हा पुन्हा का टोचावी लागते, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. त्याचे उत्तर आईच्या दुधात आहे. गाय व्याल्यावर पहिल्या दिवसांत जो चीक येतो, ज्याचा आपण खरवस करतो, तसाच चीक कुत्रीलाही येतो. त्यातून आईची प्रतिपिंडे पिल्लाला मिळतात आणि पहिले काही आठवडे त्याचे रक्षण करतात. पण हीच प्रतिपिंडे लशीतील विषाणूंनाही निकामी करून टाकतात. ती कोणत्या पिल्लात आठव्या आठवड्यात ओसरतील आणि कोणत्या पिल्लात चौदाव्या, हे बाहेरून पाहून कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत लस देतात. रेबीजची लस साधारणपणे बाराव्या आठवड्यानंतर येते. मधला एखादा डोस चुकला तर आईचे संरक्षण संपलेले आणि स्वतःचे सुरू न झालेले, अशा उघड्या अवस्थेत पिल्लू सापडते.

आता घरी काय करावे ते पाहू. पहिली तयारी डॉक्टरकडे जाण्याआधीची. पिल्लू धडधाकट असावे, त्याला जंताचे औषध वेळेवर मिळालेले असावे. शक्यतो सकाळची वेळ घ्यावी. संध्याकाळी सात वाजता लस टोचून आणली आणि रात्री दहाला काही झाले, तर आपल्याकडे लहान गावात दवाखाना उघडा मिळणे कठीण. लस टोचल्यावर अर्धा तास तेथेच बाहेर बसावे. हा अर्धा तास का महत्त्वाचा ते पुढे येईलच. औषधाच्या दुकानातून लशीची बाटली स्वतः नेण्याची वेळ आली तर ती बर्फाच्या डब्यातून न्यावी. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच टिकते. खिशात घालून उन्हातून सायकलवर नेलेल्या लशीने संरक्षण मिळेलच असे नाही.

घरी आल्यावर पिल्लाला शांत कोपरा द्यावा. गोणपाटावर जुनी चादर घालून, वाऱ्याच्या झोतापासून दूर, जवळ पाण्याची वाटी ठेवावी. खाणे नेहमीचेच, पण थोडे थोडे द्यावे. एक वेळ खाल्ले नाही तर बळेच भरवू नये. टोचलेली जागा चोळू नये. हळदीचा लेप पिल्लू चाटून टाकते, म्हणून तोही व्यर्थ. जागा फार दुखरी वाटली तर गार पाण्यात पिळलेले फडके काही मिनिटे ठेवावे. दोन-तीन दिवस आंघोळ नको. घरातील लहान मुलांना त्या दिवशी पिल्लू उचलू देऊ नये. दुखऱ्या मानेला धरून उचलले की गरीब पिल्लूही दात लावते.

ताप हाताने पाहण्यात अर्थ नाही. कुत्र्याचे नाक ओले की कोरडे यावर निदान करण्याची जी पद्धत आहे तिच्यावरही फारसे विसंबू नये. कुत्र्याचे स्वाभाविक तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्यापेक्षा जास्तच असते. आपल्या हाताला ते गरम लागणारच. थर्मामीटर गुदद्वारातून लावावा. १०४ च्या पुढे गेले, किंवा मलूलपणा दोन दिवसांनंतरही टिकला, तर डॉक्टरकडे जावे.

एक गोष्ट मात्र ठासून सांगितली पाहिजे. घरातील तापाची गोळी पिल्लाला देऊ नये. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटात जखमा करते आणि मूत्रपिंडे निकामी करू शकते. पॅरासिटामॉलची सुरक्षित मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर थोडे, आणि मांजराला तर ते विषच आहे. लशीने आलेला ताप आपोआप उतरला असता. पण गोळीने झालेली इजा तशी भरून येत नाही.

टोचलेल्या जागी हरभऱ्याएवढी किंवा बोराएवढी गाठ काही दिवस राहते आणि हळूहळू जिरते. ती दोन-तीन आठवड्यांनंतरही तशीच राहिली, वाढू लागली किंवा दुखू लागली तर दाखवावी.

आता त्या अर्ध्या तासाविषयी. १९०१ साली फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे मोनॅकोच्या राजाच्या नौकेवर समुद्री प्राण्यांच्या विषाचा अभ्यास करीत होते. पुढे त्यांनी सी-अॅनिमोन या प्राण्याचे विष कुत्र्यांना अल्प मात्रेत टोचून पाहिले. देवीच्या किंवा इतर लशींप्रमाणे कुत्र्यांना त्याची सवय होईल अशी अपेक्षा होती. पण नेपच्यून नावाच्या एका धडधाकट कुत्र्याला सुमारे तीन आठवड्यांनी दुसरी, तशीच अल्प मात्रा देताच तो काही मिनिटांत कोसळला आणि मेला. संरक्षणाच्या उलट असलेल्या या प्रकाराला १९०२ मध्ये 'अॅनाफिलॅक्सिस' हे नाव मिळाले आणि रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक लाभले. म्हणजे माणसाच्या वैद्यकातील हा धडा मुळात कुत्र्याने शिकविलेला आहे.

लशीत विषाणूखेरीज ते वाढविण्यासाठी वापरलेल्या द्रवातील प्रथिनांचा सूक्ष्म अंश राहतो. एखाद्या पिल्लाचे शरीर पहिल्या डोसाला त्याची ओळख ठेवते आणि पुढच्या डोसाला एकदम भडकते. म्हणूनच 'मागच्या वेळी काही झाले नाही' एवढ्यावर निर्धास्त होऊन चालत नाही. लक्षणे काही मिनिटांत ते काही तासांत दिसतात. ओठ, डोळे, थुंथरी सुजते, अंगावर गांधी उठतात, पिल्लू तोंड जमिनीला घासू लागते. कुत्र्यात या आघाताचा मुख्य भार यकृतावर आणि आतड्यांवर पडतो, म्हणून लागोपाठ उलट्या आणि जुलाब हेही धोक्याचे चिन्ह आहे. वाहनाच्या धक्क्याने झालेली एक उलटी वेगळी. हिरडी बोटाने दाबून सोडावी. दोन सेकंदांत ती पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरड्या पांढऱ्या पडल्या, पाय लटपटले, श्वास लागला, तर घरगुती उपायात एक मिनिटही घालवू नये. अशा वेळी डॉक्टर अॅड्रिनॅलिन देतात, शिरेतून सलाइन लावतात आणि वेळेवर पोहोचलेली बहुतेक पिल्ले वाचतात.

असे किती वेळा घडते? अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत बारा लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. लशीनंतर तीन दिवसांत कोणतीही प्रतिक्रिया नोंदली गेलेली कुत्री दर १०,००० मागे सुमारे ३८ निघाली, आणि त्यांतील बरीच साधी होती. लहान चणीच्या कुत्र्यांत प्रमाण जास्त आढळले. आपल्याकडे आता घरोघरी दिसणारा पग त्यांपैकीच. एकाच भेटीत जितक्या लशी अधिक, तितका धोका अधिक, असेही दिसले. यावरून काही जण लहान पिल्लाला अर्धाच डोस देण्याचा आग्रह धरतात. तसे करू नये. लस ही वजनावर मोजून देण्याची वस्तू नव्हे. मुधोळ कुत्र्याला जेवढी, तेवढीच गल्लीतल्या पिल्लाला लागते. त्याऐवजी रेबीजची लस वेगळ्या दिवशी, दोन आठवड्यांच्या अंतराने घेता येते.

खरा घोटाळा होतो तो वेगळ्याच ठिकाणी. बाजारातून किंवा रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाला दुसऱ्या दिवशी लस टोचली आणि पाचव्या दिवशी त्याला रक्ताचे जुलाब लागले, तर दोष लशीला जातो. वास्तविक पार्व्होचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस जातात. पिल्लू रोग घेऊनच घरी आलेले असते आणि लशीला आपले काम करायला वेळच मिळालेला नसतो. हा रोग १९७८ च्या सुमारास जगभर पसरला; त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. (कानडीत कुत्र्याच्या पिल्लाला 'नायि मरि' म्हणतात आणि मराठीत 'मरी' म्हणजे साथीचा रोग. पार्व्होच्या दिवसांत आमच्या सीमाभागातील दोन्ही भाषांचा अर्थ एकच होतो!) तेव्हा तिसऱ्या दिवसानंतर सुरू झालेल्या उलट्या-जुलाबांना 'लशीची प्रतिक्रिया' म्हणून घरी थांबू नये.

रेबीजच्या बाबतीत हीच चूक माणसाच्या जिवावर बेतते. रस्त्यावरचे पिल्लू लस टोचण्याआधीच चावले गेलेले असू शकते. लस दिल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी त्याचा आवाज बदलला, जबडा लोंबू लागला, लाळ गळू लागली, पाणी गिळता येईना, तर 'लस बाधली' असे म्हणून त्याच्या तोंडात हात घालून औषध पाजणारे लोक असतात. ही लक्षणे लशीची नव्हेत. अशा पिल्लाला हात न लावता कोंडून ठेवावे आणि पशुवैद्याला बोलवावे. ज्याला दात किंवा लाळ लागली असेल त्याने जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मग पिल्लाला लस दिलेली असो वा नसो. रोगाची लक्षणे सुरू झाल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही.

माणसांच्या लशीविषयी जुन्या पिढीच्या मनात भय बसले त्याला कारणही होते. १९११ मध्ये कसौलीला डेव्हिड सेम्पल यांनी तयार केलेली लस मेंदूच्या ऊतीपासून बनत असे. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत आणि क्वचित कोणाला पक्षाघातही होई. ती लस भारतात २००५ पर्यंत बंद झाली. आजच्या लशी पेशींच्या संवर्धनातून तयार होतात आणि दंडावर देतात. त्या जुन्या लशीच्या गोष्टी ऐकून आजच्या पिल्लाचा डोस चुकविणे, हे दिवा गेल्यावर सूर्याला दोष देण्यासारखे आहे.

डोस न चुकविल्याने काय साधते याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. गोव्यात २०१३ नंतर घरच्या आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना पद्धतशीरपणे लस टोचण्याची मोहीम सुरू झाली. दर शंभरांत सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, या हिशेबाने कार्यकर्ते जाळी घेऊन वाड्यावाड्यांतून फिरले. २०२१ मध्ये गोवा हे 'रेबीज-नियंत्रित क्षेत्र' म्हणून घोषित झालेले देशातील पहिले राज्य ठरले. त्या कुत्र्यांपैकीही काही संध्याकाळी मलूल होऊन ओसरीवर पडलीच असतील.

पिल्लाला एकदा प्रतिक्रिया आली तर पुढचा डोस बंद करायचा नसतो, डॉक्टरांना सांगायचे असते. कोणती लस, बाटलीवरचा क्रमांक, किती वाजता टोचली, किती वेळाने काय दिसले, हे लसपत्रिकेवर लिहून ठेवावे. त्यावरून डॉक्टर पुढच्या वेळी आधी अॅलर्जीविरोधी औषध देणे, लशी वेगवेगळ्या दिवशी देणे किंवा दुसऱ्या बनावटीची लस निवडणे असा निर्णय घेऊ शकतात. शेवटचा डोस झाल्यावर दोन आठवडे पिल्लाला इतर कुत्र्यांच्या जागी मोकळे सोडू नये. मात्र घरात कोंडूनही ठेवू नये. तीन ते चौदा आठवड्यांच्या वयात जी माणसे, आवाज आणि वाहने ते पाहते, त्यांची भीती पुढे त्याला वाटत नाही. तेव्हा कडेवर घेऊन फिरवावे. पुढचा डोस वर्षाने, आणि त्यानंतर रेबीजची लस आपल्याकडे दरवर्षी.