चाळिशीनंतरचा एकटेपणा व आपले आरोग्य

चाळीस ते साठ या वयात माणसावर दोन्ही बाजूंनी भार असतो. एकीकडे मुलांचे शिक्षण, दुसरीकडे वृद्ध आईवडिलांचे आजारपण. त्यात नोकरी आणि घराचे हप्ते. वेळ पुरेनासा झाला की आपण प्रथम काय सोडतो? मित्रांच्या भेटी, शेजाऱ्यांकडे जाणे-येणे आणि स्वतःची तपासणी. याबद्दल जाब विचारणारा कोणी नसतो, म्हणून ही कामे सहज मागे पडतात.

ही काटकसर मात्र महागात पडते. २०१० साली १४८ अभ्यासांतील ३ लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र तपासण्यात आली. ज्यांचे सामाजिक संबंध दृढ होते, त्यांची जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. जगात दर ६ माणसांपैकी एकाला एकटेपणा ग्रासतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या अहवालात नमूद केले आहे. रक्तदाब व मधुमेह पुष्कळदा लक्षणे न दाखवताच वाढतात. जवळ बोलायला माणूस नसेल, तर "एकदा तपासून घे" असे सांगणार कोण?

यास्तव आपण तीन गोष्टी पाळाव्यात. आजाऱ्याची सेवा घरातील एकाच स्त्रीवर न टाकता भावंडांनी वार लावून वाटून घ्यावी. वयाच्या तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. महिन्यातून एकदा तरी, काही काम नसतानाही, कोणाच्या घरी जावे.

विद्यार्थ्यांनी आज घरी गेल्यावर आईवडिलांना एवढेच विचारावे : तुम्ही आपल्या मित्रमैत्रिणींना शेवटचे केव्हा भेटलात?