यंत्राला नाही म्हणायला शिकव

अगं, डॉक्युमेंटेशनची साइट आता तुझ्याकडे आली आहे, तर पहिलं काम एकच कर. स्वतःच्या लॅपटॉपवरून ती प्रसिद्ध करायची सवय मोड. ‘ताई, एमकेडॉक्स जीएच-डिप्लॉय, एवढी एकच तर कमांड आहे,’ असं तू म्हणशील. खरंय. पण ती कमांड मेन ब्रँचवर काय आहे ते बघत नाही. तुझ्या फोल्डरमध्ये त्या क्षणी जे पडलंय ते उचलते, साइट बांधते आणि जगापुढे ठेवते. अर्धवट लिहिलेलं पान, कमिट न केलेला बदल, भलत्याच ब्रँचवरचा प्रयोग, सगळं जातं. चार महिन्यांनी कोणी विचारलं की हे वाक्य कुणी घातलं, तर मेन ब्रँचच्या इतिहासात त्याचा मागमूस नसतो.

लोक ऑटोमेशन करतात ते वेळ वाचावा म्हणून. मला विचारशील तर वाचलेला वेळ ही वरकड कमाई. खरा फायदा असा की यंत्राला भीड नसते. माणूस वॉर्निंग बघतो, ‘चालतंय की’ म्हणतो आणि पुढे जातो, शुक्रवारी संध्याकाळी तर हमखास. यंत्राला एकदा सांगून ठेवलं की तुटकी लिंक म्हणजे नापास, की ते मॅनेजरचाही बदल अडवतं. म्हणून वर्कफ्लो लिहायला बसशील तेव्हा साइट वर कशी जाईल याच्याआधी ती कधी जाणार नाही हे ठरव.

आपली साइट गिटहब पेजेसवर आहे, तेव्हा त्याच्याच हिशेबाने सांगते. ही सोय २००८ सालची, जेकिलच्या जोडीने आलेली. पुढे कित्येक वर्षं रिवाज असा होता की बांधलेलं एचटीएमएल जीएच-पेजेस नावाच्या ब्रँचवर ढकलायचं. २०२२ च्या जुलैमध्ये दुसरी वाट खुली झाली. गिटहब ॲक्शन्समध्ये साइट बांधायची, आर्टिफॅक्ट म्हणून चढवायची आणि तिथूनच पेजेसच्या हवाली करायची. तू ही दुसरी वाट धर. यंत्राने तयार केलेलं एचटीएमएल रिपोच्या इतिहासात साठत नाही, आणि कोणी मागच्या दाराने त्या ब्रँचवर हात फिरवून साइट ‘दुरुस्त’ करायचा प्रश्नच येत नाही.

वर्कफ्लोचे दोन जॉब कर. बिल्ड वेगळा, डिप्लॉय वेगळा. बिल्ड प्रत्येक पुल रिक्वेस्टवर चालू दे, डिप्लॉय फक्त मेनवर. बिल्डला रिपो वाचायची परवानगी पुरते. पेजेसवर लिहायची आणि आयडी-टोकन काढायची, या दोन परवानग्या फक्त डिप्लॉयला दे. नवशिके सगळ्या परवानग्या फाइलच्या माथ्यावर लिहून मोकळे होतात, तसं करू नको. आणि रिपोच्या सेटिंग्जमध्ये पेजेसखाली स्रोत म्हणून गिटहब ॲक्शन्स निवडलंय ना ते बघ. एवढी एक गोष्ट राहिली की वर्कफ्लो कितीही बरोबर असला तरी डिप्लॉय अडतो, आणि माणूस यॅमलमधल्या स्पेस मोजत बसतो.

आता नाही म्हणायची गोष्ट. एमकेडॉक्सला बिल्डच्या वेळी ‘स्ट्रिक्ट’ द्यायचं, म्हणजे एकही वॉर्निंग आली तरी बिल्ड पडतं. पण इथे एक मेख आहे. पानाची लिंक तुटली तर वॉर्निंग येते. पानातल्या शीर्षकाकडे जाणारी लिंक, म्हणजे हॅशनंतरचा भाग, तुटली तर येत नाही. ही तपासणी १.६ या आवृत्तीत आली, तीसुद्धा नुसत्या माहितीच्या पातळीवर. म्हणजे लॉगमध्ये एक ओळ उमटते आणि बिल्ड हिरवं होऊन बाहेर पडतं. कॉन्फिगमध्ये व्हॅलिडेशनखाली लिंक्स, त्याखाली अँकर्स, आणि त्याची किंमत ‘वॉर्न’ असं स्वतः लिहिलंस तरच स्ट्रिक्ट त्याला पकडतं. एमकेडॉक्सऐवजी स्फिंक्स असेल तर उणे चिन्हापुढे कॅपिटल डब्ल्यू, की वॉर्निंगची एरर होते. सोबत ‘कीप-गोइंग’ही दे, कारण जुन्या आवृत्त्या पहिल्याच चुकीवर थांबतात आणि बाकीच्या चुका पुढच्या खेपेला एकेक करून भेटतात.

बाहेरच्या साइटच्या लिंका मात्र या दारावर तपासू नको. दुसऱ्या कोणाचा तरी सर्व्हर झोपलाय म्हणून आपली शुद्धलेखनाची दुरुस्ती अडकून पडणं हा कुठला न्याय? त्यासाठी आठवड्यातून एकदा चालणारा वेगळा वर्कफ्लो ठेव. त्याचं वेळापत्रक यूटीसीत लिहावं लागतं हे ध्यानात ठेव. सोमवारी सकाळी नऊला हवं असेल तर साडेतीन लिही.

मराठीत डॉक्युमेंटेशन लिहायची वेळ आली (आणि ती यावी असं मला मनापासून वाटतं), तर शीर्षकांपाशी ठेच लागेल. एमकेडॉक्स ज्या पायथन-मार्कडाउनवर उभं आहे ते शीर्षकावरून लिंकसाठी छोटं नाव तयार करतं. मूळ पद्धतीत ॲस्कीबाहेरचं प्रत्येक अक्षर गळतं. देवनागरी शीर्षकातलं सगळंच गळतं, मग उरतं काय? अंडरस्कोर एक, अंडरस्कोर दोन, अंडरस्कोर तीन. पान दिसतं छान, लिंकाही चालतात. मग कोणीतरी मध्येच नवं शीर्षक घालतं आणि त्याखालच्या सगळ्या लिंका एकेक घर पुढे सरकतात. ‘पासवर्ड बदलणे’ यावर क्लिक केलं की ‘खाते बंद करणे’ उघडतं. स्ट्रिक्टसुद्धा गप्प बसतं, कारण अंडरस्कोर तीन अजून जागेवर आहे, फक्त आता ते भलत्याच शीर्षकाचं आहे.

यावर युनिकोडवाली स्लगिफाय पद्धत लाव असं कोणीतरी सुचवेल. ती लावून बघ म्हणजे कळेल. पायथनच्या रेगेक्समध्ये ‘शब्दातलं अक्षर’ म्हणजे वर्ण आणि अंक. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे त्याच्या लेखी अक्षरच नव्हेत. ‘स्थापना’चं होतं ‘सथपन’. ‘दिशा’ आणि ‘दशा’ दोन्हींचं ‘दश’. तेव्हा या वाटेला जाऊच नको. ॲट्रिब्यूट लिस्टचं एक्स्टेंशन चालू कर आणि प्रत्येक शीर्षकापुढे महिरपी कंसात हॅश देऊन रोमन अक्षरांतलं नाव स्वतःच्या हाताने लिही. कंटाळवाणं आहे, पण शीर्षकाची भाषा उद्या सुधारलीस तरी लिंक तीच राहते. ज्या शीर्षकाला असं नाव नाही ते दिसलं की बिल्ड पाडणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिही. पुन्हा तेच, यंत्राला नाही म्हणू दे.

आवृत्त्या बांधून ठेव. रिक्वायरमेंट्समध्ये नुसतं ‘एमकेडॉक्स’ लिहिणं म्हणजे वाण्याकडे ‘नवीन काय आलंय ते द्या’ म्हणण्यासारखं. २०२२ च्या मार्चमध्ये जिंजा ३.१ आलं. त्यात आधीपासून ‘जाणार, जाणार’ म्हणून सांगितलेली काही फंक्शनं खरोखर काढून टाकली होती. जुन्या स्फिंक्सवर आणि तेव्हाच्या एमकेडॉक्सवर चालणारी ढिगाने बिल्डं त्या आठवड्यात पडली. अनेकांनी एमकेडॉक्सची आवृत्ती नीट बांधलेली होती, पण जिंजाचं नाव त्यांच्या फाइलमध्ये कुठेच नव्हतं, कारण ते त्यांनी मागवलंच नव्हतं. ते एमकेडॉक्सच्या मागोमाग आलं होतं. म्हणून मागोमाग येणाऱ्यांसकट सगळ्यांची यादी पिप-कंपाइल किंवा फ्रीझने काढून रिपोत ठेव. रनरच्या मशीनचंही तेच. ‘लेटेस्ट’ लिहिलंस तर एक दिवस तुला न विचारता उबुंटू बदलतं. आणि पायथनची आवृत्ती अवतरणचिन्हांत लिही. नाहीतर यॅमल ३.१० ला दशांश अपूर्णांक समजतं, शेवटचं शून्य टाकून देतं आणि ३.१ शोधत बसतं. शाळेतलं गणित बरोबर, बिल्ड मात्र नापास.

दुसऱ्यांनी लिहिलेल्या ॲक्शन्स वापरताना टॅगवर विसंबू नको, कमिटचा पूर्ण हॅश लिही. २०२५ च्या मार्चमध्ये टीजे-ॲक्शन्सच्या ‘चेंज्ड-फाइल्स’ या ॲक्शनमध्ये कोणीतरी घुसलं आणि जुने टॅगच आपल्या कमिटकडे वळवले. २३ हजारांहून जास्त रिपोंमध्ये ती ॲक्शन वापरात होती, आणि ती चालली तिथे रनरमधली गुपितं थेट लॉगमध्ये छापली गेली. टॅग हलवता येतो, हॅश हलवता येत नाही. नवी आवृत्ती आली की डिपेंडाबॉट पीआर काढतो, तो वाचून मर्ज कर.

सुरक्षेचा विषय निघालाच आहे तर हेही ऐक. बाहेरच्या माणसाच्या पीआरचा प्रीव्ह्यू दाखवायचा म्हणून ‘पुल रिक्वेस्ट टार्गेट’ हा ट्रिगर लावायचा मोह होईल. तो ट्रिगर आपल्या रिपोच्या अधिकाराने चालतो. त्यात परक्याचा कोड चेकआउट करून बिल्ड केलंस की संपलं. ‘कागदपत्रंच तर आहेत, त्यात कोड कुठला?’ असं वाटतं, पण स्फिंक्सची कॉन्फ डॉट पीवाय ही साधी पायथन फाइल आहे आणि एमकेडॉक्सचे हुक्सही पायथनच. साइट बांधणं म्हणजे त्या माणसाचा प्रोग्राम चालवणं. साधा ‘पुल रिक्वेस्ट’ ट्रिगर ठेव. फोर्कमधून आलेल्या पीआरला त्यात गुपितं मिळत नाहीत आणि टोकनही नुसतं वाचण्यापुरतं असतं. प्रीव्ह्यू हवाच असेल तर बांधलेली साइट आर्टिफॅक्ट म्हणून ठेव, बघणारा उतरवून बघेल.

बाकीच्या बारीकसारीक गोष्टी झरझर सांगते. पानाखाली ‘शेवटचा बदल’ अशी तारीख दाखवत असशील आणि सगळ्या पानांवर आजचीच तारीख दिसली, तर घाबरू नको. चेकआउट ॲक्शन फक्त शेवटचा कमिट आणते. फेच-डेप्थ शून्य कर, पूर्ण इतिहास येईल. विंडोज आणि मॅक फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल सोडून देतात, रनरवरचं लिनक्स सोडत नाही. तुझ्याकडे दिसणारं चित्र साइटवर दिसलं नाही की आधी तिथे बघ. स्वतःचं डोमेन लावलेलं नसेल तर प्रोजेक्टची साइट रिपोच्या नावाच्या स्लॅशखाली असते, म्हणून स्लॅशने सुरू होणाऱ्या लिंका डोमेनच्या मुळाशी जाऊन आपटतात. साइट-यूआरएल कॉन्फिगमध्ये भर आणि मुद्दाम खोटा पत्ता टाकून ४०४ चं पान उघडून बघ. ते पान उघडंनागडं, सीएसएसशिवाय आलं, तर साइट-यूआरएल चुकलाय किंवा राहिलाय. जुन्या ब्रँचवाल्या पद्धतीवर अजून कोणी स्फिंक्स चालवत असेल तर त्यांच्या साइटचं रूप जातं ते जेकिलमुळे. जेकिल अंडरस्कोरने सुरू होणारे फोल्डर वगळतं आणि स्फिंक्सचं सगळं सीएसएस अशाच फोल्डरमध्ये असतं. डॉट-नोजेकिल नावाची रिकामी फाइल ठेवली की भागतं. स्फिंक्सचं गिटहबपेजेस एक्स्टेंशन ती आपणहून ठेवतं.

आवृत्तीगणिक वेगळं डॉक्युमेंटेशन ठेवायचा सोस करू नको. माइक नावाचं साधन त्यासाठी आहे, पण त्याला जीएच-पेजेस ब्रँच लागते, म्हणजे आपण सोडलेल्या वाटेवर परत जायचं. शिवाय तीन वर्षांपूर्वीच्या पानातली चूक कोण सुधारणार, याचं उत्तर कोणाकडेच नसतं. ग्राहक खरोखर जुन्या आवृत्तीवर बसले असतील तरच बघ.

डिप्लॉय झाल्यावर लगेच ‘साइट बदलली नाही’ असा कोणाचा तरी मेसेज येईल. पेजेस ब्राउझरला दहा मिनिटं जुनं पान जपायला सांगतं. वाद घालण्यापेक्षा पानाच्या तळाशी कमिटच्या हॅशची पहिली सात अक्षरं छापायची सोय कर. तो माणूस कुठली साइट बघतोय ते त्यालाच वाचायला लाव. आणि खरंच काही चुकीचं वर गेलं असेल तर साइटला हात लावू नको. कमिट रिव्हर्ट कर आणि नेहमीच्याच वाटेने वर जाऊ दे.

एपीआयची पानं बॉटकडून तयार करून घेत असशील तर एक खोच आहे. वर्कफ्लोच्या नेहमीच्या टोकनने बॉटने पुश केलं की त्या पुशवर दुसरा वर्कफ्लो सुरू होत नाही. गिटहबने हे जाणूनबुजून केलंय, नाहीतर वर्कफ्लो एकमेकांना उठवत बसले असते. पानं तयार करणं आणि साइट बांधणं एकाच वर्कफ्लोमध्ये ठेव.

तो आठवड्याचा लिंक तपासणारा वर्कफ्लो अधूनमधून जिवंत आहे ना ते बघत जा. सार्वजनिक रिपोत साठ दिवस काही हालचाल झाली नाही की गिटहब वेळापत्रकावरचे वर्कफ्लो बंद करतं. एकदा स्थिरावलेल्या प्रोजेक्टचं डॉक्युमेंटेशन असंच शांत असतं, आणि बाहेरच्या लिंका नेमक्या तेव्हाच मरत असतात.

राहता राहिलं आपलं डोमेन. ते गिटहबच्या खात्यात पडताळून घे, टीएक्सटी रेकॉर्ड टाकायचा असतो, फार वेळ लागत नाही. ॲक्शन्सच्या वाटेने गेल्यावर सीनेम फाइलला काही अर्थ उरत नाही, डोमेन सेटिंग्जमध्येच लिहायचं. आणि कधी ही साइट बंद करायची ठरली, तर क्रम उलटा करू नको. आधी डीएनएसमधली नोंद काढ, ती गेल्याची खात्री कर आणि मगच पेजेस बंद कर. नोंद तशीच राहिली आणि डोमेन पडताळलेलं नसलं, तर दुसरं कोणीही आपल्या रिपोत तेच नाव लिहून आपल्या पत्त्यावर स्वतःचं दुकान थाटू शकतं.