जहाजावर उतरण्यापूर्वी

दादरच्या शिवाजी पार्कवर क्रिकेट पाहत वाढलेल्या माणसाला बावीस यार्ड म्हणजे किती, हे डोळे मिटूनही सांगता येते. अशा साडेचार खेळपट्ट्या एकीपुढे एक मांडल्या, तर सुमारे ९० मीटर अंतर भरते. ताशी २४० किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येणारे लढाऊ विमान एवढ्याच अंतरात थांबवावयाचे आहे, अशी कल्पना करावी. शाळेतले साधे गणित मांडले तरी दिसते की, हे सारे पावणेतीन सेकंदांत उरकते आणि तेवढा वेळ वैमानिकाच्या देहाला त्याच्या वजनाच्या अडीचपट बलाने पुढे खेचले जाते. विमानवाहू जहाजावर विमान उतरविणे म्हणजे साधारणतः हे होय. नवे विमान हे करू शकेल, असे प्रथम कोणी म्हणावयाचे आणि कशाच्या आधारावर, हा या लेखाचा विषय आहे.

मुंबईकरांना विमानवाहू जहाज नवे नाही. जुनी ‘विक्रांत’ ३ नोव्हेंबर १९६१ रोजी मुंबईत आली. १९९७ साली ती नौदलातून निवृत्त झाली आणि पुढे काही वर्षे मुंबईच्या बंदरात तरंगते संग्रहालय म्हणून उभी होती. तिच्या डेकवरून फिरून आलेल्यांना तेथील जागेचा तोकडेपणा आठवत असेल. याच डेकवर १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट ताहिलियानी ‘सी हॉक’ विमान घेऊन उतरले. या जहाजाच्या डेकवर उतरलेले ते पहिले भारतीय वैमानिक. पुढे ते नौदलाचे प्रमुख झाले. मात्र ‘सी हॉक’ किंवा १९८३ साली आलेले ‘सी हॅरियर’ ही विमाने आपण घेतली, तेव्हा त्यांची मूळ कसोटी ब्रिटनमध्ये होऊन गेलेली होती. परीक्षा दुसऱ्याने घेतलेली, आपण निकाल वाचलेला, असा तो प्रकार होता.

ही परीक्षा घेणारी माणसे जगात फार थोडी आहेत. १८ जानेवारी १९११ रोजी यूजीन एली या अमेरिकी वैमानिकाने ‘पेनसिल्व्हेनिया’ या युद्धनौकेवर विमान उतरविले, तेव्हा ते अडविण्यासाठी फळ्यांच्या मंचावर आडवे दोर ताणून त्यांच्या टोकांना वाळूच्या पिशव्या बांधल्या होत्या. डिसेंबर १९४५ मध्ये ब्रिटिश नौदलाचे एरिक ब्राऊन यांनी जेट विमान प्रथमच जहाजावर उतरविले. आज दोरांच्या जागी पोलादी तारा आल्या आणि पिशव्यांच्या जागी डेकखालील द्रवचालित यंत्रे आली, परंतु कल्पना एलीचीच आहे. विमानाच्या शेपटीखालील हुकाने तार पकडावयाची आणि तारेने विमानाला धरावयाचे.

स्वदेशी बनावटीचे ‘तेजस’ विमान ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम उडाले. त्याची नौदल आवृत्ती २७ एप्रिल २०१२ रोजी बंगळूरला आकाशात गेली. तिची कसोटी घेण्याचे काम तेथील राष्ट्रीय उड्डाण चाचणी केंद्राकडे होते. या केंद्रात वायुदल आणि नौदल या दोहोंचे चाचणी वैमानिक व अभियंते एकत्र काम करतात. पहिल्या उड्डाणाचे वैमानिक होते नौदलाचे कमोडोर जयदीप मावळणकर.

नौदलासाठी विमान बदलणे म्हणजे नुसता हुक जोडणे नव्हे. जमिनीवर उतरणारा वैमानिक शेवटच्या क्षणी विमानाचे नाक किंचित वर घेतो आणि चाके अलगद टेकवितो. जहाजावर ती चैन नाही. तार ठरलेल्या जागीच असते, म्हणून विमान एकाच उतारावरून सरळ खाली येते आणि डेकवर अक्षरशः आदळते. साहजिकच चाकांची चौकट फार दणकट करावी लागते आणि तिच्याबरोबर विमानाचे वजनही वाढते. डेक दिसत राहावा म्हणून या विमानाचे नाक खाली झुकविले आणि उतरण्याचा वेग कमी व्हावा म्हणून पंखांच्या मुळाशी हलते पृष्ठभाग बसविले. सर्वांत विलक्षण नियम पुढेच आहे. चाके टेकताच वैमानिक इंजिनाची शक्ती कमी न करता पूर्ण वाढवितो. हुकाला तार लागली नाही, तर पुन्हा हवेत जाण्यासाठी डेकचा थोडासाच तुकडा उरलेला असतो. थांबण्यासाठी आलेल्याने धावण्याच्या तयारीत राहावे, हे शरीराला शिकविणे सोपे नाही.

या सर्वांची पहिली परीक्षा समुद्रावर घेणे हा वेडेपणा ठरला असता. म्हणून गोव्यात दाबोळी येथे, नौदलाच्या ‘हंसा’ तळावर, किनाऱ्यावरच जहाजाच्या डेकची प्रतिकृती उभारण्यात आली. मुंबईहून विमानाने दाबोळीला उतरणारा प्रवासी याच तळाची धावपट्टी वापरतो. येथे एका बाजूस जहाजाच्या नाकासारखी वर चढत गेलेली उड्डाणपट्टी आहे आणि दुसरीकडे तारांची व्यवस्था. समुद्रावर जहाज वाऱ्याच्या तोंडी पुढे जात असल्यामुळे विमानाचा सापेक्ष वेग काहीसा घटतो. किनाऱ्यावर ती सवलत नाही, पण डेक डुलत नाही आणि चूक झालीच तर खाली पाणी नाही.

२० डिसेंबर २०१४ रोजी विमानाने या चढणीवरून प्रथम झेप घेतली. त्यानंतर तारेची पाळी यावयास वर्षे लागली. २०१८ मध्ये विमान आधी जमिनीवरच धाववून हुकात तार पकडण्याचा सराव सुरू झाला. वेग थोडा वाढवावयाचा, मोजमापे घ्यावयाची, हुक, चौकट आणि तार तपासावयाची आणि मगच पुढचा टप्पा. विमानातील असंख्य मोजयंत्रांची माहिती त्याच क्षणी जमिनीवरील कक्षात उमटत असते आणि एखादा आकडा अपेक्षेबाहेर गेला, तर तेथील अभियंता उड्डाण थांबवू शकतो. चाचणी वैमानिक म्हणजे जिवावर उदार झालेला साहसवीर, ही सिनेमातील समजूत आहे. प्रत्यक्षात तो अत्यंत काटेकोर हिशेबनीस असतो. अखेर १३ सप्टेंबर २०१९ रोजी दाबोळीला हवेतून येऊन विमानाने तार पकडली आणि ११ जानेवारी २०२० रोजी मावळणकरांनी ते ‘विक्रमादित्य’ जहाजावर उतरविले.

येथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. डिसेंबर २०१६ मध्येच नौदलप्रमुख ॲडमिरल लांबा यांनी जाहीर केले होते की, हे विमान जहाजावरील कामगिरीसाठी जड पडते आणि पूर्ण भार घेऊन ते डेकवरून उडू शकणार नाही. म्हणजे २०१८ ते २०२० या काळातील चाचण्या करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते की, आपण ज्यासाठी जोखीम पत्करीत आहोत ते विमान ताफ्यात जाणार नाही. मग हा खर्च आणि हा धोका कशासाठी, हा करदात्याचा प्रश्न रास्त आहे.

त्याचे उत्तर विमानात नाही, चाचणीच्या नोंदींत आहे. तार पकडताना चौकटीवर नेमका किती भार येतो, चढणीवरून सुटताना नियंत्रणप्रणालीने काय करावे, हे ज्ञान कोणी विकत देत नाही. दोन इंजिनांच्या नव्या स्वदेशी नौदल विमानाचा आराखडा याच नोंदींवर उभा राहत आहे. किनाऱ्यावरच्या त्या चढणीचाही उपयोग संपला नाही. जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सचे ‘राफेल’ आणि त्याच वर्षी पुढे अमेरिकेचे ‘सुपर हॉर्नेट’ यांना आपली पात्रता दाबोळीलाच येऊन सिद्ध करावी लागली. २८ एप्रिल २०२५ रोजी २६ नौदल ‘राफेल’ विमानांचा करार झाला, तो या परीक्षेनंतर. ‘सी हॉक’च्या काळी निकाल वाचणारे आपण आता प्रश्नपत्रिका काढू लागलो.

आणि ६ फेब्रुवारी २०२३ रोजी कोचीनला बांधलेल्या नव्या ‘विक्रांत’वर नौदलाचे ‘तेजस’ उतरले, तेव्हा त्या दिवशी परीक्षा जहाजाचीही होती.