गोळी चालू आहे, मग ‘बीपी नाही’ कसं लिहायचं?

प्रश्न : आमचं गाव राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यात, तोरण्याच्या बाजूला. गावात आरोग्य तपासणी झाली, तेव्हा फॉर्म भरताना सासूबाईंना विचारलं, ‘‘आजी, बीपी-शुगर काही आहे का?’’ त्या म्हणाल्या, ‘‘होतं, आता न्हाई.’’ मोजलं तर बीपी खरंच १२८/८२ आलं आणि फॉर्मवर ‘नाही’पुढे खूण झाली. पण त्या रोज सकाळी बीपीची एक गोळी घेतात. खूण बरोबर की चूक? आणि एवढ्याशा खुणेनं काय बिघडतं?

उत्तर : खूण चूक आहे. ती दुरुस्त करून घ्या, कारण बिघडायचं ते तिथूनच सुरू होतं.

सासूबाई खोटं बोलल्या नाहीत. आपल्याकडे दुखणं म्हणजे दुखणारी गोष्ट. चक्कर थांबली, डोकं हलकं झालं, दवाखान्यात ‘नॉर्मल’ म्हणाले, की ‘होतं, आता नाही’ हे उत्तर आपसूक येतं. पण १२८/८२ हा आकडा त्यांच्या एकट्या शरीराचा नाही, त्यात सकाळच्या गोळीचाही हात आहे. गोळी थांबली तर बहुतेकांचं बीपी काही दिवसांत पुन्हा चढतं.

मोठ्या पाहण्यांमध्ये ही गोष्ट आधीच धरलेली असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) रक्तदाब जास्त असलेल्यांत दोन प्रकारची माणसं मोजली : मोजताना वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० वा त्याहून जास्त आलेली, आणि आकडा कितीही येवो, पण बीपीची औषधं घेणारी. साखरेचंही तसंच : १४० च्या वर आकडा किंवा साखर आटोक्यात ठेवायची औषधं चालू. म्हणजे त्या हिशेबात सासूबाई ‘बीपी असलेल्या’च आहेत, फक्त त्यांचं बीपी ताब्यात आहे. औषधाचा प्रश्न गाळला, तर ज्याचे उपचार सगळ्यात नीट चाललेत तोच रुग्ण कागदावरून नाहीसा होतो.

नाव यादीत नसलं की पुढची साखळी तुटते. गोळ्यांचा साठा यादीवरून मागवला जातो, पाठपुरावा यादीवरून होतो. सारोळ्याजवळ नीरेचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा लागतो. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ च्या अखेरीस जाहीर झाला, तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांत सातारा होता. बाकीचे भंडारा, वर्धा आणि सिंधुदुर्ग. त्या उपक्रमाचा कणा म्हणजे रुग्णाचं साधं कार्ड : प्रत्येक भेटीला बीपी किती, गोळी कोणती, किती ताकदीची. कोण आलं नाही हे कार्डावरूनच कळतं आणि मग निरोप जातो. ज्याचं कार्डच नाही, त्याला निरोप कोण पाठवणार?

कोविडच्या काळात हे आपण सगळ्यांनीच पाहिलं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथकं दारोदार गेली आणि ताप, ऑक्सिजनबरोबर घरात कोणाला मधुमेह, हृदयविकार आहे का, हेही विचारलं. ‘सहव्याधी’ हा शब्द तेव्हा वाड्यावस्त्यांवर पोचला. पुढे १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयातल्या सहव्याधी असलेल्यांना लस सुरू झाली. त्यासाठी २० आजारांची यादी होती आणि डॉक्टरांच्या सहीचा दाखला लागत होता. त्या यादीत नुसतं ‘बीपी’ नव्हतं, ‘उपचार चालू असलेला उच्च रक्तदाब’ असे शब्द होते. उपचार चालू आहेत हे कागदावर दिसणं किती मोलाचं असतं, ते तेव्हा कळलं.

आता दुसरी बाजू. गोळी चालू आहे असं लिहिलं, पण ती खरंच चालू आहे का? भातलावणीच्या दिवसांत सकाळी सहाला चिखलात उतरणाऱ्या बाईची गोळी राहते, संपते, आणायला जमत नाही. तपासणीत बीपी १७० येतं, फॉर्मवर ‘औषध चालू’ असतं. समोरचे डॉक्टर काय समजणार? एवढ्या गोळीनं भागत नाही. मग ते दुसरी वाढवून देतात. लावणी उरकते, बाई आठवण ठेवून दोन्ही गोळ्या घ्यायला लागते, आणि एक दिवस उठताना भोवळ येऊन पडते. म्हणून ‘शेवटची गोळी कधी घेतली?’ हे न चुकता सांगा. ‘पंधरा दिवस राहिली’ हे सांगण्यात कमीपणा नाही. कोणी रागावलं तरी सांगा.

सासूबाईंच्या फॉर्मवर आशाताईंकडून किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरकडून एवढंच लिहून घ्या : ‘उच्च रक्तदाब – आहे. औषध – चालू. आजचं बीपी १२८/८२. शेवटची गोळी – आज सकाळी.’ आणि पुन्हा कोणी विचारलं, तर सासूबाईंनी म्हणायचं, ‘‘बीपी आहे, गोळीनं आटोक्यात आहे.’’

प्रश्न : मी भोर तालुक्यातला, नोकरीला पुण्यात. वडील ६८ वर्षांचे. बारा वर्षं शुगर, तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी. गोळ्या तीन ठिकाणांहून येतात : सरकारी दवाखान्यातून, मी पुण्याहून नेतो त्या, आणि मध्येच संपल्या तर मेडिकलमधून सुट्ट्या. फॉर्मवर ‘चालू औषधे’ या शब्दांपुढे एकच ओळ असते. तिच्यात काय लिहायचं? शुगरची आणि हार्टची औषधं वेगळी लिहायची का?

उत्तर : ओळीत लिहायच्या आधी वडिलांची गोळ्यांची पिशवी सतरंजीवर पालथी करा. पाकिटं समोर मांडलीत की दोन गोष्टी हमखास दिसतील.

पहिली, कापलेली पाकिटं. सुट्ट्या सहा गोळ्या घेतल्या की कात्री नेमकी नावावरून फिरते. एका तुकड्यावर मागचं अर्धं नाव, दुसऱ्यावर मुदतीची तारीख, आणि मधल्यावर नुसती चांदी. ‘पांढरी, बारकी, मधे रेघ असलेली’ या वर्णनाच्या गोळ्या डझनावारी आहेत. शुगरची तशी असते, बीपीची असते, रक्त पातळ करायचीही असते. सुट्ट्या घेताना नावाचा तुकडा मागून घ्या किंवा पूर्ण पाकिटाचा फोटो काढा.

दुसरी, एकच औषध दोन नावांनी. तुम्ही पुण्याहून आणलेल्या पाकिटावर कंपनीनं ठेवलेलं नाव मोठं असेल, सरकारी पाकिटावर नुसतं ‘मेटफॉर्मिन’. वडिलांच्या दृष्टीनं त्या दोन वेगळ्या गोळ्या, म्हणून ते दोन्ही घेत असतील. कंपनीचं नाव बाजूला ठेवा, औषधाचं मूळ नाव शोधा आणि फॉर्मवर तेच लिहा. दोन पाकिटांवर मूळ नाव एकच निघालं, तर डॉक्टरांना दाखवा.

शुगर आणि हार्टची औषधं एकाच यादीत लिहा, पण प्रत्येकीपुढे ‘कशासाठी’ हे लिहा. नुसत्या गोळीवरून आजार ओळखता येत नाही. ॲटोरव्हास्टॅटिन अँजिओप्लास्टी झालेल्याला देतात, तसं कधीच छातीत न दुखलेल्या मधुमेह्यालाही देतात. टेल्मिसार्टन बीपीसाठी असतं, तसं मधुमेहात मूत्रपिंड जपायलाही असतं.

एकत्र लिहायचं कारण मात्र याहून मोठं आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण चुकलं तर साखर एकदम उतरू शकते. तेव्हा शरीर खुणा देतं : हात थरथरतात, छाती धडधडते, घाम फुटतो. पण हृदयासाठी मेटोप्रोलोल चालू असेल, तर थरथर आणि धडधड ते औषध दाबून टाकतं. उरतो फक्त घाम. आणि आषाढात इरलं पांघरून वाफ्यात उभ्या असलेल्या माणसाचा घाम कोणाला दिसणार? त्यात एकादशीचा उपास असला, तर विचारूच नका. शुगरचा कागद एका डॉक्टरकडे आणि हार्टचा दुसऱ्याकडे राहिला, तर हा धोका कोणालाच दिसत नाही. एका कागदावर आला की दोघांनाही दिसतो.

यादी अशी दिसेल. हा नमुना आहे, वडिलांच्या गोळ्या त्यांच्या चिठ्ठीवरून उतरवा :

मेटफॉर्मिन ५०० – शुगर – १-०-१ – बारा वर्षं
ग्लिमेपिराइड १ – शुगर – १-०-० – नाष्ट्याआधी
ॲस्पिरिन ७५ – अँजिओप्लास्टीनंतर – ०-१-०
मेटोप्रोलोल २५ – हृदय – १-०-०
ॲटोरव्हास्टॅटिन ४० – चरबी – ०-०-१

सकाळ-दुपार-रात्र अशी ही १-०-१ ची भाषा डॉक्टर, सिस्टर, मेडिकलवाला, सगळ्यांना कळते. इन्शुलिन असेल तर किती युनिट हे लिहाच, शिवाय पेन की सिरिंज आणि सिरिंजचं टोपण लाल की नारिंगी हेही लिहा. लाल टोपणाची सिरिंज ४० च्या बाटलीसाठी असते, नारिंगी १०० च्या. अदलाबदल झाली तर डोस अडीच पटीनं चुकतो. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी रोजची नसली तरी लिहा. कारल्याचा रस, काढा, झाडपाला घेत असतील तर तेही लिहा. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या यादीत ठळक करा : दात काढायचा असो की छोटं ऑपरेशन, डॉक्टरांना आधी सांगायचं, पण स्वतःच्या मनानं त्या बंद करायच्या नाहीत. स्टेंट टाकलेल्याला ते महागात पडतं.

फॉर्मवर एकच ओळ असली, तर तिच्यात लिहा : ‘यादी जोडली आहे.’ आणि यादीची प्रत टाचून द्या. मूळ कागद गोळ्यांच्या पिशवीत राहू दे, फोटो तुमच्या मोबाइलमध्ये आणि एक प्रत आशाताईंकडे. वर तारीख घाला. गोळी बदलली की जुनी ओळ खोडा, नवी लिहा, तारीख बदला.

रात्री वडिलांना १०८ मध्ये घालायची वेळ आली, तर तुम्ही पुण्यात असाल. आईला गोळ्यांची नावं सांगता येणार नाहीत, वडिलांना कदाचित बोलताच येणार नाही. आईला फक्त एक शिकवून ठेवा : चप्पल घालायच्या आधी पिशवी उचलायची.