एकच माल, एकच चव : गुणवत्ता मंडळाचा धडा

कांदा-लसूण चटणी एका खेपेला झणझणीत आणि दुसऱ्या खेपेला नुसतीच लाल निघाली, की गिऱ्हाईक भांडत बसत नाही. गपचूप दुसरीकडे जातं.

जपानात १९६२ साली कारखान्यातले कामगारच एकत्र बसून आपल्या कामातल्या चुका शोधू लागले. त्याला क्वालिटी सर्कल, म्हणजे गुणवत्ता मंडळ म्हणतात. भारतात १९८० मध्ये हैदराबादच्या भेल कारखान्यात असं मंडळ सुरू झालं. १९८२ मध्ये क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया उभी राहिली. तिथं वेगवेगळ्या कारखान्यांतली मंडळं आपापले उपाय एकमेकांना दाखवतात.

आपल्यालाही हे जमेल.

१. एकच माल करणाऱ्या सहा ते दहा जणी आपखुशीने जमा. सक्ती नको.
२. आठवड्यातून तासभर बसा. एकच अडचण घ्या. समजा, चटणीला बुरशी का येते?
३. कारणं वहीत लिहा. मिरची कमी वाळली? कांदा ओलसर राहिला? बरणी ओली होती? चूक कामातली शोधा, बाईला नावं ठेवू नका.
४. एक उपाय करा. मिरची, मीठ, तेल वजन करूनच घाला. पुढच्या खेपेला फरक पडला का, ते बघा.

जमलेला उपाय ग्रामसंघाच्या बैठकीत सांगा, शेजारच्या गटात जाऊन शिकवा. कारण एका गटाचा खराब डबा सगळ्याच गटांचं नाव घालवतो.